पिशवीसकट

जावयाला झाडांतलं काडीचंही कळत नव्हतं, पण उत्साह दांडगा. सासरे मोतीबिंदू काढायला मुलाकडे निघाले तेव्हा घराची किल्ली ह्याच्या हातात देऊन एवढंच म्हणाले, "जावईबापू, बागेला पाणी तेवढं घाला." ह्यानं पाणी घातलं आणि वर स्वतःचं डोकं चालवून दारापुढच्या वाफ्यातलं गवतही उपटलं. वाफा कसा घासलेल्या ताटासारखा लख्ख!

संध्याकाळी बायकोनं तो बघितला आणि ती मटकन पायरीवर बसली.

"अहो, गवत कसलं? आईची निळी फुलं होती ती! तिनं एकदाच पेरली होती. ती गेल्यावरही दर वर्षी पडलेल्या बियांतून आपली आपण उगवतात. बाबा त्या वाफ्याला कुणाला हात लावू देत नाहीत."

अति तिथं माती म्हणतात. इथं खरोखरच नुसती माती उरली होती. उपटलेली रोपं कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेली होती. बायको रागावली असती तर परवडलं असतं, पण ती रिकाम्या वाफ्यातली माती नुसती हातानं सारखी करत राहिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो रोपवाटिकेत हजर. "थंडीत टिकणारी हंगामी फुलं द्या. रिकामा वाफा भरायचाय. निळी हवीत."

"मग बी पेरा की," रोपवाली म्हणाली. "उशिरा फुलतील, पण जोमानं येतील."

"उशीर नको हो! सासरे उद्या येतायत."

त्यानं फुललेलीच रोपं उचलली. निळी कसली, जांभळटच होती. रोपाभोवतीची प्लास्टिकची पिशवी फाडताना पहिल्याचीच मुळं तुटली, तेव्हा घाबरून बाकीची त्यानं पिशवीसकट खड्ड्यात बसवली आणि वरून माती सारली.

"बाबांना खरं काय ते सांगून टाका," बायको म्हणाली. तो हो म्हणाला.

सकाळी सासरे काळा चष्मा लावून आले, ते थेट वाफ्याशीच.

"उगवली का हो हिची फुलं?"

जावई घाईघाईनं म्हणाला, "हो बाबा. फुललीसुद्धा. आईंचीच आहेत."

सासरे हळूच खाली बसले. पाकळ्यांवरून बोट फिरवत हसले. "यंदा लवकर आली. मला दिसायला लागलं, हे कळलं वाटतं हिला."

जावयाला स्वतःची शिसारी आली.

सासऱ्यांचा हात देठावरून खाली मातीत गेला आणि थबकला. त्यांनी माती बाजूला केली. काळ्या प्लास्टिकची कड वर आली. ती त्यांनी चिमटीत धरून ओढून बघितली.

"मुळं गुदमरतात अशानं," ते म्हणाले. "अशी किती आहेत?"

जावयानं मान वर केली नाही.

"सगळीच, बाबा."

"मग बसा खाली," सासरे म्हणाले, आणि खुरप्यासाठी त्यांनी हात पुढे केला.