उशाखालची कात्री

मित्रांनो, मी एक कात्री आहे. जुनी आता झाले, भित्री मात्र पहिल्यापासूनच. लोखंडाला कसलं आलंय भय, असं तुम्ही म्हणाल. पण जिला नुकत्या जन्मलेल्या बाळाची नाळ कापायची असते, तिला विचारा.

मला घडवलं कुणी ते ठाऊक नाही. आणलं मात्र बायकांनी. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. देशभरच्या बायकांची एक परिषद होती आणि तिची शाखा बारामतीत निघाली होती. तेव्हा आमच्या भागात कितीतरी बाळं जन्मल्यावर आठवडाभरातच दगावत. आधी दूध ओढेनाशी होत, मग अंग आखडून ताठ होई. लोक म्हणत, सटवाईनं नेलं. शाखेच्या सिंधुबाई म्हणत, सटवाईला बोल लावू नका, गंजका विळा नाळेला लावू नका. मग सभासद बायकांनी दारोदार मूठमूठ ज्वारी गोळा केली आणि ती विकून आलेल्या पैशातून मी आले. कोऱ्हाळ्याच्या कुशाबाई सुईणीला त्यांनी बारामतीला बोलावून सगळं शिकवलं, आणि मला धुतलेल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हवाली केलं.

गावात माझं पहिलं काम रंगूबाईच्या घरी निघालं. तिची आधीची दोन्ही बाळं आठ दिवसांच्या आतच गेली होती. कुशाबाईनं मला खळखळत्या पाण्यात चांगलं उकळलं. मुलगा झाला, चांगला रडला, आणि मी त्याची नाळ कापली.

आणि तिथंच घोटाळा झाला. रंगूबाईच्या सासूनं, बनाबाईनं, मला ओलं हळदकुंकू लावलं आणि बाळंतिणीच्या उशाखाली सरकवलं. नाळ कापलेलं लोखंड पाचवीची पूजा होईपर्यंत उशालाच राहायचं, घराबाहेर जायचं नाही, अशी रीत होती. कुशाबाईलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण जन्मभर ती विळाही तसाच ठेवून येत असे. मला उकळायचं कसं ते बारामतीच्या बायकांनी शिकवलं होतं. उशाचं त्यांना सुचलंच नव्हतं.

उशाखाली अंधार होता, शेगडीचा धूर होता. वर बाळाचा श्वास चालला होता आणि मी तो जिवाचे कान करून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुशाबाई धापा टाकत दारात आली.

"बनाबाई, कात्री द्या. कालव्याकडच्या मळ्यात जयवंता अडलीया."

"पाचवी झाल्याबिगर लोखंड उंबऱ्याभाईर जायाचं न्हाय," बनाबाई म्हणाली. "त्यांचा इळा हाय की."

"गंजलाय त्यो. उकळून काय गंज जात न्हाय."

"आन् माज्या नातवाला कायबाय झालं म्हंजी?"

मी गेले तर या बाळाची भीती, न गेले तर त्या बाळाची.

तेवढ्यात उशाखाली एक हात शिरला. गार पडलेला, रंगूबाईचा. तिनं मला बाहेर काढलं.

"आत्याबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "माजी दोन गेली, तवाबी उशाला लोखंड व्हतंच की."

बनाबाईनं पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "इपरीत झालं तर समदा गाव तुलाच बोल लावंल."

"लावू द्या."

असं म्हणाली खरी, पण तिची मूठ काही सुटेना. कुशाबाईला एकेक बोट उकलून मला काढून घ्यावं लागलं.

मळ्यात मला राखेनं घासलं, पुन्हा उकळलं. जयवंताला मुलगी झाली.

त्यापुढचे दिवस मी फडक्यात गुंडाळलेली, कुशाबाईच्या कमरेला होते. रोज सकाळी ती दोन्ही घरी जाई आणि दारातूनच विचारी, "बाळ दूध पेलं का?" आतून उत्तर यायला जो वेळ लागे, तेवढा वेळ मला नकोसा होई. पाचवीला बनाबाईनं पाटावर माझ्या जागी अडकित्ता मांडला. सुनेशी ती तोवर बोलत नव्हती. आठवा दिवस आला, गेला. दोन्ही बाळं दूध पीत होती.

नवव्या दिवशी बनाबाई ओच्यात ज्वारी घेऊन कुशाबाईकडे आली. "बारामतीच्या बायांना सांग," ती म्हणाली, "आनिक एक कात्री आणा. एक उशाला ऱ्हाईल, एक कामाला."

निरोप ऐकून सिंधुबाई आधी हसल्या, मग विचारात पडल्या. पुढं शाखेनं गावागावांत कात्र्या दिल्या त्या जोडीनंच. लोणी भापकरला गेल्या, इंदापूरकडेही गेल्या. त्या गावांतून बायका सभासद होऊ लागल्या आणि येताना शेजारणींना घेऊन येऊ लागल्या.

आता मी शाखेच्या कपाटात असते. खंडेनवमीला मला बाहेर काढतात, ओलं हळदकुंकू लावतात, फूल वाहतात आणि तसंच परत ठेवतात. त्या ओलीनं माझ्या खिळ्याशी गंज धरला आहे. मला अजून भीती वाटते, मित्रांनो. गंजाची वाटते, आणि बंद कपाटाची त्याहून जास्त. पूजा नसली तरी चालेल. मला कोरडं पुसा, तेलाचं बोट लावा. आणि कुणी धापा टाकत दारात आलं तर रंगूबाईसारखी तुमची मूठ लवकर सुटली नाही तरी चालेल, पण मला या नव्या उशाखालून, या कपाटातून, काढून द्या.