बू सुमिनारच्या हौदातल्या अळ्या

दर शुक्रवारी सकाळी बू सुमिनार, म्हणजे आमच्या सुमिनारबाई, बॅटरी घेऊन बाहेर पडत आणि गल्लीतल्या बेचाळीस घरांच्या न्हाणीघरांत डोकावत. डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधायचं हे काम बिनपगारी. चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर बूंनी ते आपणहून अंगावर घेतलं होतं. कुणाच्या हौदाला शेवाळ धरलंय, कुठली सून सासूपासून साबण लपवते, सगळं त्यांना ठाऊक. पण इतक्या वर्षांत कुणाच्या खुर्चीला म्हणून त्यांची पाठ लागली नव्हती.

"बसा ना बू, चहा टाकते," असं प्रत्येक दारात म्हणत. आम्ही जावा बेटावरची माणसं असं म्हणतोच. त्यावर बसायचं नसतं, हे म्हणणाऱ्यालाही कळतं आणि ऐकणाऱ्यालाही. "अजून तीस घरं राहिलीत गं," म्हणून बू पुढे सरकत.

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी दूर बाताम बेटावर. चार वर्षांत बूंच्या घरात ओसरीच्या आत कुणी आलं नव्हतं. ज्या घरी अळ्या सापडत, तिथे रविवारी गल्लीतल्या बायका ब्रश घेऊन जमत, हौद घासत आणि मग दुपारपर्यंत गप्पा हाणत बसत. आळशी यू पाइनाहकडे, म्हणजे पाइनाहताईकडे, तर तीनदा जमल्या होत्या. त्यांचं खिदळणं बूंना आपल्या घरात ऐकू येई आणि हेवा वाटे. खरंच वाटे, उगाच कशाला लपवा? बूंचा हौद मात्र कायम लख्ख. त्यांच्याकडे कोण कशाला येईल?

एका शुक्रवारी फेरी आटोपून त्या घरी आल्या आणि दारामागच्या आपल्या तपासणीच्या कार्डावर त्यांनी लिहिलं, 'अळ्या आढळल्या,' आणि गल्लीतल्या बायकांना तसं कळवलं. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडणाऱ्या बाईने हे केलं. पण घरात कार्य नाही, मयत नाही, मग 'माझ्याकडे येऊन बसा' असं म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? त्यापेक्षा खोटं बोलणं सोपं गेलं.

शनिवारी त्यांनी घर झाडलं, फरशी पुसली. सोयाबीनचं टेंपे तळायला चिरून ठेवलं, शेंगा उकडल्या, आठ पेले धुऊन मांडले. पाहुणे येणार, म्हणून हौदसुद्धा घासून काढला. आपण काय करून बसलो, हे रविवारी बायका दारात उभ्या राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

"आली ना पाळी बूंवर!" यू पाइनाह दारातूनच गरजली. "मला किती बोलल्या होत्या! बघू दे आता यांचा हौद!"

पाच जणी न्हाणीघरात घुसल्या. हौदाचा तळ आरशासारखा चमकत होता.

"अगं बाई, यातल्या पाण्यात तर भात शिजवावा," पाइनाह म्हणाली. "अळ्या कुठायत?"

बूंचे कान तापले. जमिनीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

त्या पाच जणींत वार्तिनी होती, बूंची चौथीतली विद्यार्थिनी, आता दोन मुलांची आई. तिने न्हाणीघराच्या दारातून बाहेर पाहिलं. टेबलावर टेंपेची परडी होती, शेंगा होत्या, ओळीने मांडलेले आठ पेले होते. ती बॅटरी लावून हौदावर वाकली.

"या काय! केवढ्या आहेत!"

"कुठे? मला दाखव."

"चष्म्याशिवाय तुम्हाला काय दिसणार, यू?"

बूंना ते सहन होईना. "वार्तिनी, खोटं बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "हौदात काही नाही. मीच खोटं लिहिलं."

"माहीत आहे, बू," वार्तिनी म्हणाली. तिने बाह्या सारल्या. "ब्रश द्या. सबंध सकाळ जाईल यात."

पाइनाहने एकदा वार्तिनीकडे पाहिलं, एकदा बूंकडे, आणि मग सारोंग वर खोचला.

"मग उभ्या काय राहिलात, बू? आधी चहा आणा. मी काही दुपारपर्यंत उठत नाही."

चहा ओतताना बूंना रडू फुटलं, आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही.