दुसऱ्या घरचा पंखा

मी भुशाच्या कांड्या जाळणारी शेगडी बोलतेय. लाकडाचा भुसा दाबून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या करतात. त्या माझ्या पोटात ओतायच्या, बटण दाबायचं, की मी पेटले. जन्म माझा इटलीतल्या एका कारखान्यातला, पण नांदले ती सर्बियातल्या पिरोत गावात, विदोये आणि देसांका या म्हाताऱ्या जोडप्याकडे.

विदोयेचं हृदय कमजोर झालं आणि डॉक्टरांनी त्याचं लाकडं फोडणं बंद केलं, तेव्हा मला घरात आणलं. पुढच्या खोलीत, देसांकाच्या हातमागासमोर मला जागा मिळाली. ती गालिचे विणते. बोटं गारठली की तिची वीण सैल पडते, म्हणून सकाळी आधी मी पेटायचे आणि मग ती मागावर बसायची. पिरोतची माणसं चिक्कू म्हणून सगळ्या देशात बदनाम आहेत, पण मला कांड्या घालताना या दोघांनी कधी हात आखडता घेतला नाही. हे मी मुद्दाम सांगते.

गेल्या हिवाळ्यात माझा धुराचा पंखा जळाला. तो माझा श्वासच म्हणा ना. धूर बाहेर ओढणारं कोणी नाही, तर मी पेटणार कशी? गावातल्या दुकानदाराने नव्या पंख्याची किंमत सांगितली आणि विदोये मटकन खुर्चीत बसला.

"एवढ्या पैशांत बकरी येईल! पिल्लासकट!"

निश शहरातून त्यांच्या मुलाचा, मिल्कोचा फोन आला. "आई, ती शेगडी द्या भंगारात आणि या दोघं इकडे राहायला."

मिल्को मायेनेच म्हणत होता. पण त्याच्या घरात मागाला जागा नव्हती.

"माग नसला तर मी तिथे काय भिंती मोजत बसू?" देसांका म्हणाली आणि तिने फोन विदोयेच्या हातात कोंबला.

सीमेपलीकडे, बल्गेरियातल्या ड्रॅगोमानला सुटे भाग स्वस्त मिळतात असं शेजाऱ्यांनी सांगितलं. विदोये जुना पंखा पिशवीत भरू लागला.

"तो काजळीचा गोळा कशाला? नाक्यावरचे पोलीस अख्खी गाडी रिकामी करायला लावतील," देसांकाने त्याला अडवलं. तिने पंख्याभोवती लोकरीचा धागा फिरवला आणि तोडला. "अख्ख्या खानदानाच्या पायमोज्यांची मापं मी अशीच घेतलीत."

पण लोकर ताणली की वाढते. दुकानात तिने धागा चांगला ताठ धरून दाखवला आणि दुकानदाराने त्या मापाचा पंखा दिला. घरी आणला तर माझ्यात बसेचना. जबरदस्तीने बसवला, तर खरडत खरडत थांबला.

"आता मोजे घाल त्याला," विदोये म्हणाला.

देसांका हसली नाही. कोट घालून मागावर बसली आणि बोटांवर फुंकर मारत राहिली. मला फार वाईट वाटलं. समोर उभी असून मी तिच्या काही कामाची नव्हते.

दुसऱ्या खेपेला जुना पंखा बरोबर गेला. नाक्यावरच्या पोलिसाने पिशवीत डोकावून फक्त नाक मुरडलं. दुकानदाराने मोठा पंखा बिनबोभाट परत घेतला, पण माझ्या मापाचा बनवणंच बंद झालं होतं. मग त्यालाच आठवलं. "खालच्या गल्लीतल्या नेवेनाबाईंकडे अशीच शेगडी होती. बघा विचारून."

पुढचं मी देसांकाच्या तोंडून ऐकलं, ती मिल्कोला फोनवर सांगत होती तेव्हा. नेवेनाबाईंचे यजमान, किरिल, वारले. पाठोपाठ शेगडीचं मशीन बिघडलं आणि दुरुस्त करायला घरात कोणी उरलं नाही. बाईंनी शेगडी कोंबड्यांच्या खोपटात ढकलली होती. पंखा मात्र शाबूत होता. त्यांनी स्वतः स्क्रू काढून तो देसांकाच्या हातात ठेवला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

"पेटली की फोन तेवढा कर," त्या म्हणाल्या. "किरिल माझ्याआधी उठायचा. हा पंखा घुमायला लागला की मला अंथरुणातच कळायचं, आता कॉफी येणार."

रविवारी सकाळी विदोयेने तो पंखा मला बसवला. बटण दाबलं. पंखा घुमला, माझ्या पोटात ज्वाळ उभी राहिली आणि देसांकाने दोन्ही हात माझ्या काचेसमोर धरले. मी इतकी सुखावले म्हणून सांगू! तिचा माग आता या घरातून हलणार नव्हता.

मग तिने फोन लावला आणि माझ्या दाराशी धरला.

"ताई, ऐकू येतंय का?"

तिने फोन आणखी जवळ धरला.

"ताई?"

"शूऽ! बोलू नकोस गं," नेवेनाबाई हळूच म्हणाल्या. "कॉफी येऊ दे."

देसांकाने फोन तसाच धरून ठेवला. विदोयेने हातातली पक्कडसुद्धा आवाज न करता खाली ठेवली.

नेवेनाबाई, तुमचे उपकार मी कसे फेडू? तुमचा फोन अजून दर रविवारी येतो. माझ्यात कांड्या भरपूर आहेत. सावकाश ऐका.