आडव्या ओळींचं पत्र

केझायाचं लग्न ॲम्ब्रोज थॅक्रेशी ठरलं, तेव्हा हॉल्बीतल्या बायका म्हणाल्या होत्या की पोरीनं नशीब काढलं. माणूस चर्चचा विश्वस्त. गावातली माल्टची, म्हणजे बिअरसाठी बार्लीला मोड आणून भाजायची भट्टी त्याची. गावोगावच्या बिअरवाल्यांना तो माल्ट विकायचा, स्वतः मात्र थेंबालाही शिवायचा नाही. चार वर्षांत त्यानं बायकोवर एकदाही हात उगारला नाही. तो फक्त दारं बंद करायचा. पुढच्या दाराची किल्ली त्याच्या खिशात, मागच्या दाराची त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ड्रुसिलाच्या कमरेला. रविवारी चर्चला जायचं ते या दोघांच्या मधून चालत. भट्टीच्या आवारात पाय मोकळे करायचे तेही ड्रुसिला सोबत असेल तर.

"बाहेर तुझं काय अडलंय?" असं तो अगदी शांतपणे विचारायचा. काय अडलंय ते तिला कधी सांगता आलं नाही.

पत्रं तो वाचायचा. येणारी आणि जाणारीही. आई आजारी असल्याचं पत्र त्यानं अकरा दिवस खणात ठेवलं. "तू उगाच कासावीस झाली असतीस," म्हणाला. पत्र तिच्या हातात पडलं तेव्हा आईला मूठमाती देऊन झाली होती.

उरली होती ती धाकटी बहीण फीबी. नॉर्विचला तिचं बायकांच्या टोप्यांचं दुकान होतं. दोघी महिन्याला एक पत्र लिहायच्या. तेव्हा टपाल भलतंच महाग होतं. अंतर जितकं लांब आणि कागद जितके जास्त, तितका आकार, आणि तो भरायचा पत्र घेणाऱ्यानं. म्हणून लोक एकाच कागदावर भागवायचे. कागद भरला की तो आडवा फिरवायचा आणि लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा ओळी काढायच्या. कागद विणलेल्या चटईसारखा दिसे, पण नजर सरावली की वाचता येई. या लिहिण्याला सगळे क्रिसक्रॉस म्हणायचे.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ॲम्ब्रोजनं एकदा तसा कागद वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "ही चाळण तुझ्या बहिणीलाच लखलाभ होवो," म्हणून त्यानं कागद टेबलावर टाकला. त्या दिवसापासून सरळ ओळी लिहून झाल्या की तो तेवढ्या वाचायचा, मान हलवायचा आणि उठायचा. मग केझाया कागद फिरवायची.

सरळ ओळींत मुरंबा असायचा, रविवारचं प्रवचन असायचं, थंडी असायची. आडव्या ओळींत ती खरं लिहायची. आज किती दिवसांनी उघड्या आकाशाखाली उभी राहिले ते. आईचं पत्र कुठे होतं ते. आपला आवाज आपल्यालाच अनोळखी वाटतो ते. फीबीही तसंच लिहायची, आणि येणाऱ्या पत्रातलं सरळ तेवढं जमेल तसं वाचून ॲम्ब्रोज कागद बायकोकडे सरकवायचा. घडी घालून लाख लावायचं आणि पत्र टपालात नेऊन द्यायचं काम ड्रुसिलाचं.

डिसेंबरात फीबीचं पत्र आलं. सरळ ओळींत मखमलीचे भाव. आडव्या ओळींत लिहिलं होतं: *केझी, आता बास. मी गाडी घेऊन येते. तो घरी नसतो तो वार कोणता आणि मी थांबू कुठे, एवढंच कळव.*

केझायानं ते इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटायला आला. उत्तर काय लिहायचं हे तिनं ठरवलंही. बुधवारी तो धान्यबाजाराला जातो, संध्याकाळशिवाय परतत नाही. पण नाताळची धांदल, मग ॲम्ब्रोजला सर्दी, असं करता करता जानेवारी उजाडला. आणि जानेवारीत सरकारनं टपाल स्वस्त केलं. देशात कुठेही पत्र धाडा, एक पेनी.

त्या रविवारी पाद्री पेनक जेवायला होते. ॲम्ब्रोज खुशीत होता. मटण कापता कापता म्हणाला, "बरं झालं, पाद्रीसाहेब. आता ते क्रिसक्रॉस बंद. हा शब्द तरी आला कुठून? आमच्या घरात फार चालतो तो."

पेनकना असलं काही विचारलं की जेवण सुचत नसे. "अहो, चांगला पवित्र शब्द आहे. शाळेत पोरांच्या हातात अक्षरांची पाटी असायची ना, तिच्यावर पहिल्या अक्षराच्या आधी क्रूस काढलेला असे. म्हणून त्या ओळीचंच नाव पडलं ख्राइस्ट्स-क्रॉस, म्हणजे ख्रिस्ताचा क्रूस. पोरं भराभर घोकणार, त्यांच्या जिभेवर त्याचं क्रिसक्रॉस झालं."

"आम्हीही घोकलंय," ड्रुसिला खाली मान घालून म्हणाली. "क्रूस म्हणताना छातीला हात लावायचा."

"बरोबर. मग ज्याला लिहिता येत नाही तो सहीच्या जागी फुली मारतो, लोक त्या फुलीलाही क्रिसक्रॉस म्हणू लागले. आणि आता काय, कुठल्याही दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या की झालं क्रिसक्रॉस. बागेतल्या वाटा क्रिसक्रॉस, म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या क्रिसक्रॉस. ख्रिस्त कोणाच्या ध्यानातही नसतो."

"म्हणजे देवाचं नाव घेऊन बायका कागद बरबटतात," ॲम्ब्रोज म्हणाला. तो केझायाकडे वळला. "आता एका पेनीत दोन कागद जातात. दुसरा कागद घेत जा. सरळ, स्वच्छ, कुणालाही वाचता येईल असं लिही."

"हो," केझाया म्हणाली.

तिनं दोन कागद लिहिले. ॲम्ब्रोजनं दोन्ही वाचले. काहीतरी सुचवावं म्हणून 'बुधवार' हा शब्द तिनं कुठेतरी घातला, तर त्यानं विचारलं, "बुधवारचं काय?" तिनं तो खोडला. फीबीचं उत्तर आलं, तेही दोन स्वच्छ कागदांवर, काळजीनं भरलेलं: तब्येत बरी आहे ना, मागच्या पत्राचं काहीच लिहिलं नाहीस?

"मागच्या पत्राचं काय?" ॲम्ब्रोजनं विचारलं.

"मखमलीचं. मला हवी का म्हणून विचारलं होतं."

"नको म्हणून कळव."

पुढच्या वेळी तिनं सवयीनं झालं असं भासवून कागद फिरवला आणि चार ओळी आडव्या लिहिल्या. त्यानं न रागावता कागद फाडून शेगडीत टाकला. त्यानंतर ती खिडकीशी बसेनाशी झाली. बाहेर भट्टीचे गडी ओली बार्ली फावड्यांनी उलटीपालटी करायचे. ते तिला बघवेना. रस्ता, लोक, गाड्या सगळं तिथेच होतं, आणि तिथपर्यंत शब्दसुद्धा पोचवता येत नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती आणि ड्रुसिला चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. ड्रुसिला म्हणाली, "बुधवारच ना?"

केझायाच्या हातातली टोकं सुटली.

"उचल ती. फरशी ओली आहे." ड्रुसिलानं आवाज चढवला नाही. "त्याच्या डोळ्यांना पाणी येतं. माझ्या येत नाही. लाख लावायच्या आधी चार वर्षं वाचतेय मी. आलेलीही, तुझ्या खणातून काढून."

"सगळं?"

"सगळं. मला कवडीचुंबक म्हणालीस तेसुद्धा."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर पत्रं बंद झाली असती." तिनं चादर छातीशी धरून घडी बसवली. "मला कोण लिहिणार? महिन्याला तेवढंच वाचायला असायचं."

केझायाला रागही आला आणि रडूही. बोलली ती एवढंच, "मग आता काय?"

"मी पत्र लिहिलं तर तो वाचायला मागणार नाही. वीस वर्षांत मी कोणाला लिहिलंच नाही, त्याला वाटतं मला लिहायला येतच नाही. तुझ्या बहिणीनं कुठे थांबायचं?"

"चर्चच्या मागच्या फाटकाशी."

"तिथे पाद्री फिरतात. जुन्या पाणचक्कीशी थांबू दे."

ड्रुसिलानं त्याच दुपारी लिहिलं. मार्चच्या पहिल्या बुधवारी ॲम्ब्रोज धान्यबाजाराला गेला. दहा वाजता ड्रुसिलानं मागचं दार उघडलं. केझायाच्या अंगावर करडा झगा आणि शाल, हातात काही नाही. भट्टीच्या गड्यांनी टोप्या काढून सलाम केला, कारण थोरल्या बाई सोबत होत्या.

पाणचक्की दिसायला लागली, तशी केझाया थांबली. "तुम्हीही चला. फीबी नाही म्हणणार नाही."

"वेडी आहेस का? त्याला संध्याकाळी जेवायला कोण वाढील?"

"तो तुम्हाला सोडणार नाही, ताई."

"मला काय करील? किल्ली काढून घेईल." ड्रुसिलानं कमरेचा जुडगा चाचपला. "मला आता बाहेर राहता येणार नाही, केझाया. तू जा. थांबू नकोस, मला थंडी वाजतेय."

गाडीत फीबीनं तिला घोंगडीत गुंडाळलं. पहिले कितीतरी मैल केझाया मागे वळून बघत होती. कोणीच येत नव्हतं.

तीन आठवड्यांनी वकिलाचं पत्र आलं. कायदा नवऱ्याच्याच बाजूचा. बाईंनी परत यावं, नाहीतर कोर्टाचा हुकूम आणू, निदान श्री. थॅक्रे यांच्या मालकीचा एक करडा झगा आणि एक शाल ताबडतोब पाठवावी. फीबीनं दोन्ही धुऊन, इस्त्री करून मालवाहू घोडागाडीनं पाठवून दिली. त्यानंतर काही आलं नाही. गावात बोभाटा नको म्हणून त्यानं गप्प बसणं पत्करलं असावं, असं फीबी म्हणायची. केझायाला तसं वाटायचं नाही. दुकानाची घंटा वाजली की ती अजून मागच्या खोलीत जायची.

एप्रिलात फीबी तापानं पडली. घरात पाव नव्हता. केझायानं बहिणीचा कोट चढवला, दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

"काय झालं?" फीबीनं अंथरुणातून विचारलं.

"काही नाही. जाऊ ना?"

"मला काय विचारतेस? पाव आण, आणि हेरिंग मासे ताजे असले तर चार."

केझायानं कडी काढली. बाजार चौथ्या गल्लीत होता. ती दुसऱ्या गल्लीतून एकदा परत आली, दारापाशी दम घेतला आणि पुन्हा निघाली.