काठोकाठ

मच्छिंद्रने स्टेअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनर खुपसला आणि आकडे उमटायच्या आतच मान हलवली.

"त्योच. पेट्रोलच्या वाफेचा कोड. चौथ्यांदा, म्याडम."

"मोजलंय मी," ग्रेस म्हणाली.

शाळा सुटल्यावर ती बेलापूरहून तडक कोल्हारला त्याच्या गॅरेजात आली होती. महिन्याभरात टाकीचं झाकण बदलून झालं, एक रबरी नळी बदलली, वाफ इंजिनाकडे सोडणारा व्हॉल्व्ह बदलला. दर खेपेला मच्छिंद्र कोड पुसायचा, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझायचा आणि रविवारी मम्मीला घेऊन चर्चला जाताना पुन्हा पिवळाधमक पेटायचा.

"माझं ऐका. सरांनी सीएनजीचं किट बसवलं ना, तितंच घाण हाय. सिलिंडरसाठी मागचं समदं हलवलंय. किट काढू, कंपनीची होती तशी लाईन टाकू. दिवा गेला म्हनून समजा."

"किट काढायचं नाही."

"मंग दिवा बघत बसा."

ग्रेसचे पप्पा, यशया सर, फेब्रुवारीत गेले. किट त्यांनी दिवसभर उन्हात उभं राहून बसवून घेतलं होतं. एकेका नळीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातले होते. धाकटा भाऊ जोएल मात्र सकाळीच फोनवर म्हणाला होता, "ताई, पप्पांनी त्या गाडीची प्रयोगशाळा केलीय. मम्मी बसते तिच्यात. शनिवारपर्यंत दिवा गेला नाही, तर रविवारी येतो आणि गाडी विकून टाकतो." गाडी त्याच्या नावावर होती. ग्रेसने फोन ठेवून दिला होता.

"तो कोळशाचा डबा पाहिलात का?" तिने विचारलं. गाडीचं पुस्तक तिने दोनदा वाचून काढलं होतं. "टाकीची वाफ साठते तो?"

"त्यो कशाला खराब हुतोय?"

"काढा."

पुटपुटत तो गाडीखाली शिरला. बऱ्याच वेळाने काळा डबा घेऊन बाहेर आला आणि सहज कलता केला. फरशीवर पेट्रोलची धार लागली. मच्छिंद्र उकिडवा बसून त्या धारेकडे बघत राहिला.

"ह्यात वाफ यावी. पेट्रोल न्हाई." मग मान वर करून म्हणाला, "टाकी कशी भरता तुमी?"

"कशी म्हणजे? फुल."

"नोझल कट हुईस्तवर?"

ग्रेसने पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला. गॅसच्या रांगेत थांबायला वेळ नसायचा, म्हणून ती दर शनिवारी शाळेजवळच्या पंपावर पेट्रोलच भरायची. नोझल कट झालं की गाडीला मागून दोन्ही हात लावून ती गदागदा हलवायची, बुडबुडे वर येऊ द्यायची, मग पुन्हा थोडं भरायची. लहानपणी याच कामासाठी पप्पा तिला नि जोएलला बंपरवर उड्या मारायला लावायचे.

"हलवून," ती म्हणाली. "काठोकाठ."

"घ्या! आन् मी महिनाभर किटाला शिव्या घालतोय! गाडी हाय का रांजण, म्याडम? वरचं समदं ह्या डब्यात उतरतंय."

"पप्पा असंच भरायचे."

आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. मच्छिंद्रने हात पुसले.

"सरांचं नाव कुटं घेतलं मी?" तो हळू म्हणाला. "नवा डबा टाकतो. हितनं फुडं कट झालं की बास. किट ऱ्हाऊ द्या."

तिला हवं होतं तेच झालं होतं. तरी गाडीत बसल्यावर तिने दार जोरात आपटलं. जोएलसाठी मोबाईलवर 'किटाचा दोष नव्हता' एवढं लिहिलं. पुढचं वाक्य पप्पांवर जात होतं. तिने सगळंच पुसून टाकलं.

शनिवारी बेलापूरचा पंप बंद होता. नाइलाजाने ती मनमाड रस्त्यावरच्या पप्पांच्या नेहमीच्या पंपावर वळली. इथे सगळे त्यांना ओळखायचे, म्हणून इतके दिवस तिने तो टाळला होता. साडीवर पंपाचं जाकीट चढवलेल्या भीमाबाईने नोझल लावलं. खटकन कट झालं.

"बास," ग्रेस घाईघाईने म्हणाली. "पुढे एक थेंबही नको."

भीमाबाई हसली. "सरांची लेक शोभता खरी! किट बसवल्यापासनं सर बी असंच म्हनायचे. मी आपली सवयीनं गाडी हलवाया गेले, तर वरडलेच. 'भीमाबाई, ऱ्हाऊ दे, आता हिला वाफंपुरती जागा ठिवावी लागती.'"

"कधी म्हणाले?"

"दोन वर्सं झाली की."

त्या दोन वर्षांत ग्रेस नाशिकला होती. नाताळला चार दिवस यायची, तेव्हा गाडी दारात उभी असायची, टाकी भरलेली. बदली घेऊन ती परत आली ती पप्पा गेल्यावर.

तिने झाकण फिरवलं. मागच्या टेम्पोने हॉर्न दिला.

"गाडी फुडं घ्या, ताई," भीमाबाई म्हणाली.

ग्रेस तिथेच उभी राहिली. टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दाबला.

"भीमाबाई," तिने विचारलं, "आणखी काय म्हणायचे ते?"