काढून ठेवलेली जाळी

पुण्याला आर्किटेक्चर शिकून आल्यापासून श्रीविद्या घरीसुद्धा पुणेरी मराठी बोलायची. आईवडिलांच्या तंजावुरी मराठीची तिला लाज वाटत होती असं नाही, पण आपली जरा बरी, असं मनातून वाटायचं खरं. ही हौस तिला तंजावरच्या मेडिकल कॉलेज रोडवरच्या एका कचेरीत भलतीच महागात पडली.

कचेरी गुरुमूर्तींच्या बियाणे कंपनीची, त्यांच्या वडिलांनी बांधलेली. पश्चिमेच्या अख्ख्या दर्शनी बाजूला सिमेंटची जाळी होती. पानाच्या आकाराची भोकं, खाली बारीक आणि वर जाता जाता मोठी होत गेलेली. ऑटोवाल्याला 'जाळी ऑफिस' म्हटलं की पत्ता सांगावा लागत नसे. आत मात्र सगळा आनंदच होता. छत गळत होतं, वायरिंग कधी पेटेल याचा नेम नव्हता. नूतनीकरणाचं काम श्रीविद्याला मिळालं. स्वतःच्या नावावरचं तिचं हे पहिलंच मोठं काम.

गुरुमूर्तींना समोर निळी काच हवी होती, कोइम्बतूरला दिसते तशी. श्रीविद्याने डोकेफोड करून जाळी ठेवायला त्यांना राजी केलं. त्यांनीही एक अट घातली. जाळी आहे तिथे राहिली तर राहू दे, पण एकदा खाली उतरली की परत चढवायची नाही. मग काच.

मध्येच तिला चेन्नईला जावं लागलं. जाळीची मोजमापं घेऊन नकाशा करायचा राहिला होता, म्हणून तिने साइटवरचा मुकादम भरद्वाज याला फोन केला. भरद्वाज राजवाड्यामागच्या गल्लीतला, आपल्याच तंजावुरी मराठी लोकांतला. "मी येईपर्यंत जाळी नीट काढून ठेव," ती म्हणाली, आणि निर्धास्त झाली.

परत आली तेव्हा इमारत कवळी काढलेल्या तोंडासारखी दिसत होती. जाळीचे ठोकळे अंगणात गोणपाटावर मांडून ठेवले होते.

"भरद्वाज! हे काय केलंस?"

"तुम्हीच सांगटलां की अक्का, काढून ठेव म्हणून. अस्की काढलों, वरपासून खालपर्यंत. एक फुटलं नहीं, पळा," त्याने ठोकळ्यांकडे बोट दाखवलं.

"अरे, काढून म्हणजे कागदावर! चित्र काढतात तसं!"

भरद्वाज तिच्याकडे बघतच राहिला. "चित्र लिव्हायचं की अक्का. काढायचं म्हणजे दात, चप्पल. आमच्या घरीं चित्र कोण काढतो?"

तिच्याही घरी कोणी काढत नव्हतं. आजी चित्र लिहीतच असे. पुण्याला जाईपर्यंत श्रीविद्याही लिहीतच होती.

गुरुमूर्तींचं बोलावणं आलंच. ती भरद्वाजला घेऊन वर गेली. दुपार कलली होती आणि आजवर कधी आत न आलेलं ऊन अख्खा मजला व्यापून बसलं होतं. हिशेब बघणाऱ्या सरोजाबाई टेबलाशी छत्री उघडून काम करत होत्या. एसी नुसताच घरघरत होता. आतल्या केबिनमध्ये गुरुमूर्ती एक फाइल कपाळावर आडवी धरून बसले होते.

"कोण काढायला सांगटलं?" त्यांनीही तंजावुरीतच विचारलं.

भरद्वाजने मान खाली घातली. त्याचं नाव सांगितलं असतं तर ती सुटली असती. ते तिच्या मनात आलंही, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"मी सांगितलं. शब्द माझा चुकला. त्याने अगदी सांगितलं तेच केलं."

काढण्या-लिहिण्याचा सगळा घोळ तिने सांगितला. गुरुमूर्ती हसले नाहीत. "मग ठरलं तसं काच," ते म्हणाले.

वाद घालायला तोंड उरलं नव्हतं. गुरुमूर्तींनी खुर्ची थोडी भिंतीकडे सरकवली. ऊन तिथेही आलं.

"काच लावली तर हे ऊन थांबेल?"

"नाही सर. आणखी तापेल."

गुरुमूर्तींनी खुर्ची आणखी सरकवली, आता पाठ भिंतीला लागली. बाहेर सरोजाबाईंनी छत्रीचा कल बदलला. भरद्वाज हळूच म्हणाला, "सर, ज्या ओळीचं ते त्याच ओळीत ठिवलोंय."

गुरुमूर्तींनी डोळ्यांवर फाइलची सावली धरून खाली अंगणातल्या ओळींकडे पाहिलं.

"पुणेवाली," गुरुमूर्ती शेवटी म्हणाले, "काढायचं झालं. आतां खाली जाऊन लिही. लिहून झालं की लगेच चढव."

श्रीविद्या खाली आली. पहिल्या ठोकळ्यापाशी गुडघे टेकून बसली आणि कागद पसरला. डोळे पुसायची तिला सवड नव्हती.

"टेप धर, भरद्वाज," ती म्हणाली. "लिव्हूं या."