चांगुणा बोलली

मानेवरची गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हा कुठे चांगुणाला सासऱ्यांनी राजूरच्या दवाखान्यात आणलं. साल चव्वेचाळीस, नवरा पलटणीत, लढाईवर. परक्या पुरुषापुढे सुनेला एकटं सोडायचं कसं, म्हणून रंगनाथ पाटील खोलीच्या दारातच स्टुलावर ठाण मांडून बसले.

डॉक्टर दानीएलांनी सुई भरली. "गाठीभोवतीची जागा तेवढी बधिर होईल, बाई. तुम्ही जाग्याच राहाल. पण हे औषध रक्तात जास्त गेलं तर घात करतं. ओठांना मुंग्या आल्या, कान वाजायला लागले, की ताबडतोब बोला. नाहीतर झटके येतील, जिवावर बेतेल."

चांगुणाने मान हलवली. मान हलवण्यात ती पटाईत होती. लग्नाला सात वर्षं झाली, पण सासऱ्यांसमोर तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. पाटलांच्या घरची रीतच तशी, आणि रीत पाळण्यात त्या घराचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पहिली सुई टोचली, मग दुसरी. तिसरीला ओठांना मुंग्या आल्या. पाठोपाठ कानात भुंगा घुमू लागला. तिने नर्स फिलोमिनाचा हात करकचून दाबला.

"भिऊ नकोस गं," फिलोमिना हात थोपटत म्हणाली. "झालंच आता."

डॉक्टरांनी चौथ्यांदा सुई भरली. चांगुणाची जीभ जड झाली, छप्पर फिरू लागलं. दारात मामंजींचं पागोटं दिसत होतं. त्यांच्यापुढे तोंड उघडायचं? पण घरी तीन वर्षांची लेक होती. आईवाचून तिचं कोण करणार? चांगुणाला सासऱ्यांचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"थांबा!" ती किंचाळली. "कान वाजाया लागल्यात! थांबवा ती सुई!"

डॉक्टरांनी सुई टाकून नाडी धरली. "औषध उतरेपर्यंत हिला बोलतं ठेवा. बोलणं थांबलं, तर मला कळायचं कसं?"

पण आपल्याच आवाजाने चांगुणा हबकली होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. फिलोमिना विनवत होती, डॉक्टर ओरडत होते, आणि ती सासऱ्यांकडे बघत गप्प.

पाटील उठून खाटेजवळ आले.

"बोल, पोरी," ते म्हणाले. "मला शिव्या दे पायजे तर, पर गप बसू नगंस."

आणि चांगुणाने दिल्या. सात वर्षांच्या साठलेल्या. आधी चाचरत, मग एकही शब्द न अडखळता.